हात लावूं नये

संग्रहालय आणि मूल ह्यांची पहिली ओळख बहुधा एका पाटीपाशीं होते. पाटीवर तीनच शब्द असतात : ‘हात लावूं नये.’ नुकतेंच वाचावयास शिकलेलें मूल मोठ्या हौसेनें तीं अक्षरें जुळवितें, आणि अर्थ ध्यानांत येतांच पुढें केलेला हात मागें घेतें. संग्रहालय म्हणजे मोठ्या माणसांची जागा, ही समजूत त्या क्षणीं त्याच्या मनांत जी बसते ती पुष्कळदां जन्मभर उठत नाहीं.

पाटी लावणाराला दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. माणसाच्या बोटांना घाम असतो, घामांत क्षार असतात, आणि तांब्यापितळेच्या जुन्या मूर्तीवर उमटलेलें एक बोट पुढें वर्षानुवर्षें डाग धरून राहतें. जुनें रेशीम तर नुसत्या उजेडानेंही विरत जातें. दोनशें वर्षांपूर्वींची वस्तु आणखी दोनशें वर्षें टिकावी ही ज्यांची जबाबदारी, त्यांनीं कांचेचें कपाट आणि पाटी ह्यांचा आश्रय केला तर त्यांत नवल नाहीं. परंतु मुलाच्या बाजूलाही न्याय आहे. मूल जग ओळखतें तें आधीं हातांनीं आणि मग डोळ्यांनीं. वजन, थंडपणा, खरखरीतपणा, लवचिकपणा ह्यांचें ज्ञान कांचेपलीकडून मिळत नाहीं. ज्यानें ओली माती कधीं थापली नाहीं त्याला मडक्याच्या कांठावर उमटलेली कुंभाराच्या बोटाची रेघ दिसत नाहीं; ती तेथें असते, पण त्याला दिसत नाहीं.

ह्या दोन न्यायांची तडजोड म्हणून शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं एक नवी प्रथा निघाली. संग्रहालयानेंच मुलांसाठीं, आणि पुढें मुलें व त्यांचे आईबाप ह्यांच्यासाठीं, हातानें करावयाचे कलावर्ग चालवावेत, अशी ती प्रथा. आतां ती आपल्याकडेही रुळूं लागली आहे. मोठ्या शहरांत सुटीच्या दिवशीं असे वर्ग भरतात, शुल्क भरून आईबाप मुलांना तेथें नेतात, आणि एकंदर मंडळी संतुष्ट होऊन घरीं परततात. त्या संतोषांत सहभागी होण्यापूर्वीं ह्या प्रथेचें थोडें परीक्षण करावें, आणि तेंही राजधानीच्या दिवाणखान्यांतून न करतां वैनगंगेच्या कांठच्या भंडारा जिल्ह्यांतून करावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडील संग्रहालयांचा जन्म मुलांना डोळ्यांपुढें ठेवून झाला नाहीं, हें आधीं मान्य केलें पाहिजे. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचें. लोकांनीं त्याला जें नांव दिलें तें ‘अजब बंगला’. ह्या एका नांवांत जुन्या संग्रहालयाची सारी कल्पना सांठविलेली आहे : आंत जावें, अजब वस्तु पाहाव्या, थक्क व्हावें आणि बाहेर यावें. मुंबईचें प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम, ज्याला आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, तें १९२२ सालीं लोकांस खुलें झालें. औंधाचें श्रीभवानी संग्रहालय १९३८ सालचें. तें उभारणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः हातीं कुंचला धरणारे चित्रकार होते, ही गोष्ट आपल्या संग्रहालयांच्या इतिहासांत अपवादासारखी उठून दिसते. परंतु तेथेंही येणाऱ्याचें काम पाहाण्याचें, करण्याचें नव्हे.

युरोप-अमेरिकेंत विचाराची दिशा थोडी आधीं पालटली. व्हिएन्नांत फ्रान्झ चिझेक ह्या चित्रकारानें १८९७ सालीं मुलांचा कलावर्ग काढला. मोठ्यांच्या चित्रांची नक्कल मुलांकडून करवून घ्यावयाची नाहीं, मुलाचें चित्र हें अपुरें राहिलेलें मोठ्याचें चित्र नसून तें त्याच्या जागीं पुरेंच असतें, हा त्याचा सिद्धान्त. दोन वर्षांनीं, १८९९ सालीं, ब्रुकलिन येथें केवळ मुलांसाठीं म्हणून पहिलें संग्रहालय निघालें. पुढें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९३७ सालीं व्हिक्टर डी’अ‍ॅमिको ह्या शिक्षकास बोलाविलें. त्यानें १९४२ सालीं सुरू केलेली ‘मुलांची कलाजत्रा’ प्रसिद्ध आहे. तिचें प्रवेशद्वार मुलांच्या बेताचें होतें आणि आंत मोठ्यांना मज्जाव होता. त्यांनीं बाहेरून पाहावें. हीच जत्रा १९६३ सालीं दिल्लीस आली आणि हिंदुस्थानच्या मुलांना भेट म्हणून दिली गेली.

परंतु ह्या कथेंत एक योगायोग आहे आणि तो आम्हां वैदर्भीयांना विसरतां येण्यासारखा नाहीं. ज्या १९३७ सालीं डी’अ‍ॅमिको न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत शिरला, त्याच सालच्या ऑक्टोबर महिन्यांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि गांधीजींची नयी तालीम जन्मास आली. हातानें काम करीत करीत बुद्धि वाढते, हें तिचें सूत्र. सेवाग्रामच्या त्या शाळेंत १९४४ सालीं शांतिनिकेतनांत शिकलेले देवीप्रसाद हे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तेथें राहिले. चित्रकार व कुंभार असलेल्या ह्या गृहस्थांनीं मुलांच्या कलेविषयीं जें लिहिलें त्याचा गाभा असा, कीं कला हा शिक्षणांतील एक विषय नसून शिक्षणाचा पाया आहे. म्हणजे जी गोष्ट आपण आज परदेशची टूम म्हणून शुल्क भरून घेतों, तिचें एक चांगलें बीज आपल्याच विदर्भांत पेरलें गेलें होतें. आपण तें पाणी घालून वाढविलें नाहीं, एवढेंच.

अलीकडील कालाविषयीं निराशेचा सूर काढण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या वर सांगितलेल्या संग्रहालयानें २०१५ पासून ‘चाकांवरचें संग्रहालय’ म्हणून एक मोठी मोटारगाडी शाळाशाळांतून फिरविली, आणि २०१९ सालीं आपल्याच आवारांत मुलांचें स्वतंत्र संग्रहालय उघडलें. हे उपक्रम स्तुत्य आहेत. परंतु स्तुत्य उपक्रमांची नक्कल जेव्हां सर्वत्र होऊं लागते तेव्हां त्यांतील तत्त्व गळून केवळ रीत उरते. आणि टीकाकाराचें काम तेथूनच सुरू होतें.

अशा एका वर्गाचा अनुभव मला गेल्या उन्हाळ्यांत आला. शहराचें व संस्थेचें नांव येथें घेत नाहीं, कारण दोष एका संस्थेचा नाहीं. माझी नात नऊ वर्षांची. तिला घेऊन मी तेथें गेलों. एका हवेशीर दालनांत लांब मेजें मांडलेलीं होतीं. प्रत्येक मुलापुढें हत्तीची छापील आकृति असलेला कागद ठेवलेला होता आणि रंगाच्या सहा डब्या होत्या. हत्तीच्या अंगावर नक्षी कोठें भरावयाची तें ठिपक्यांनीं दाखविलें होतें. शिकविणाऱ्या बाई गोड स्वभावाच्या होत्या. शेजारच्या मेजावर एक गृहस्थ आपल्या मुलाच्या हातून कुंचला घेऊन म्हणाले, “थांब, रेघेबाहेर जातंय,” आणि पुढील अर्धा तास हत्ती त्यांनींच रंगविला; मुलगा त्यांच्या खांद्यावरून पाहत राहिला. तासाच्या शेवटीं सर्वांनीं आपापले हत्ती छातीशीं धरून उभें राहावें अशी सूचना झाली, छायाचित्रें निघालीं, आणि वर्ग संपला.

जिना उतरतांना नात म्हणाली, “आजोबा, ह्यांतला खरा हत्ती कुठे आहे ?” ज्या जुन्या लघुचित्रावरून ती आकृति उचलली होती तें त्याच इमारतींत, दोन दालनें पलीकडे, भिंतीवर होतें. आम्ही मागें वळलों. पण वेळ संपली होती आणि दारें लागत होतीं. हत्ती घरीं आला. खरा हत्ती राहिला तो राहिलाच.

मला वाटतें, अशा सर्व वर्गांची कसोटी नातीच्या त्या प्रश्नांतच आहे. हातानें काम करून झाल्यावर मूल मूळ वस्तूकडे परत जातें काय, आणि गेल्यावर तिच्यांत पूर्वीं न दिसलेलें कांहीं त्याला दिसतें काय ? दिसत असेल, तर वर्ग संग्रहालयाचा. दिसत नसेल, तर तो वर्ग कोणत्याही मंगल कार्यालयांत भरला असता तरी चाललें असतें. संग्रहालयाची वास्तु केवळ शोभेला वापरली गेली.

ह्या कसोटीवर घासून पाहतां प्रचलित वर्गांत तीन दोष ठळकपणें दिसतात. पहिला छापील आकृतीचा. मुलाच्या हातीं काय द्यावें हा प्रश्न कठीण असतो. छापील कागद तो प्रश्न सोडवीत नाहीं, टाळतो. रेघेच्या आंत रंग भरणें हें सफाईचें शिक्षण होईल, पाहाण्याचें नव्हे. दुसरा दोष बक्षिसाचा. आपल्याकडे एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षा पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र ह्यांची जी शिस्त लागते तिचा उपहास करणाऱ्यांपैकीं मी नाहीं. परंतु त्या परीक्षांचे गुण दहावीच्या गुणांत भर घालूं लागल्यापासून घरोघरीं चित्रकला ही गुणांची शेती झाली आहे, आणि तीच नजर घेऊन आईबाप संग्रहालयाच्या वर्गांतही शिरतात. पहिला कोण आला, हें विचारल्यावांचून त्यांना चैन पडत नाहीं. तिसरा दोष आईबापांच्या हाताचा. तो मीं वर वर्णन केलाच आहे.

ह्या तिसऱ्या दोषावर डी’अ‍ॅमिकोनें मोठ्यांना दाराबाहेर ठेवून उपाय केला. तो कडक होता, पण निरर्थक नव्हता. मात्र त्याच संस्थेंत पुढें आईबाप आणि मुलें ह्यांचे एकत्र वर्गही होत असत. तेथें मोठ्यांनीं आपलें स्वतःचें काम करावें, मुलाचें नव्हे. मला हा दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. बापानें स्वतः चिखलांत हात घालून स्वतःचा वेडावांकडा बैल करावा; म्हणजे मुलाच्या बैलाचे पाय दुरुस्त करण्याची उमेद त्याच्यांत उरणार नाहीं.

बैलाचा उल्लेख सहज झाला, पण तो आपल्याला नेमका भंडाऱ्यास आणून पोंचवितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मुलें लांकडाचे, चाकें लावलेले बैल सजवून ओढीत नेतात, घरोघरीं बोजारा मागतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. तेव्हां भुलाबाई आणि भुलोजी मातीचे घडतात. हातानें कांहीं करावें, नटवावें, मिरवावें आणि गांवानें तें कौतुकानें पाहावें, ही मुलांची कलाशाळा आमच्याकडे पंचांगांतच लिहिलेली आहे. परंतु तेथेंही आज तोच रोग शिरला आहे. बैल बाजारांतून तयार येतो. जितका मोठा तितका मानाचा. सजावट रात्रीं जागून आई करते. सकाळीं स्पर्धा होते, आणि बक्षीस खरोखर आईला मिळावयाचें तें मुलाच्या हातीं देतात. तेव्हां शहरी संग्रहालयास नांवें ठेवतांना आपण आपल्या अंगणाकडेही एकवार पाहिलेलें बरें.

आतां ह्या जिल्ह्याची मुख्य अडचण. भंडाऱ्याच्या मुलास मोठें संग्रहालय पाहावयाचें तर साठेक किलोमीटरांवरचें नागपूर गांठावें लागतें. आणि तेथें जाऊन तें काय पाहतें ? अनेक दालनांतून फिरतां फिरतां तें आपल्याच जिल्ह्यांतील वस्तूंपुढें येऊन उभें राहतें. वैनगंगेच्या कांठचें पवनी हें गांव दोन हजार वर्षांहून जुनें. त्याचा मातीचा तट आणि खंदक अजून ओळखूं येतात. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनीं डॉ. शां. भा. देव आणि जगत्पति जोशी ह्यांच्या देखरेखीखालीं तेथें उत्खनन केलें, आणि जगन्नाथ टेकडी व चांदकापूरची टेकडी ह्यांच्या पोटांत दोन मोठे बौद्ध स्तूप निघाले. दान देणाऱ्या सामान्य स्त्रीपुरुषांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेले दगड निघाले. त्यापूर्वींच महाक्षत्रप कुमार रुपिअम्मा ह्याचा छायास्तंभ पवनीस मिळालेला होता. हें सारें वैभव जेथें निघालें तेथें न राहतां संग्रहालयांतून गेलें. जपणुकीच्या दृष्टीनें तें योग्यच झालें असेल. परंतु पवनीच्या मुलाच्या वाट्याला टेकडी आली आणि दगड गेले.

पवनीच्या शिल्पांत एक मुचलिंद नागाचें आहे. कथा अशी, कीं बोधिप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानांत असतां मोठें वादळ झालें, आणि मुचलिंद नांवाच्या नागराजानें त्यांच्यावर आपल्या फणांचें छत्र धरलें. पवनीच्या काळांतील शिल्पकार बुद्धाची मनुष्याकृति कोरीत नसत. म्हणून ह्या दगडावर फणा उभारलेला नाग आहे, त्याचें नांव कोरलेलें आहे, आणि ज्यांच्यासाठीं फणा उभारली त्यांचें आसन रिकामें आहे. जो नाहीं त्याच्यासाठींच सारें चित्र काढलेलें आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत पवनीच्या ओळखीच्या घरांतील पांच मुलें घेऊन मी जगन्नाथ टेकडीवर गेलों. मी शिक्षक नाहीं, आणि वर्ग घेण्याचा आवही मीं आणला नाहीं. मुचलिंदाची गोष्ट सांगितली. चित्र मात्र मुद्दाम दाखविलें नाहीं. मग म्हणालों, “आपल्या घरांतलें एक असें माणूस आठवा, जें आज घरांत नाहीं. त्याचें चित्र काढावयाचें, पण माणूस काढावयाचें नाहीं.” मुलें प्रथम हसलीं. मग गप्प झालीं. मग कागदांवर ओणवीं झालीं. एका मुलानें नुसता नागच काढला, पांच फणांचा, आणि माझ्याकडे पाहून तो समाधानानें हसला; त्याला नागच हवा होता, आणि त्यांत त्याची कांहीं चूक नव्हती. कासाराच्या घरच्या एका मुलानें ऐरण काढली आणि तिच्यावर आडवा पडलेला हातोडा. आजोबा गेल्यापासून तो तसाच असतो, असें त्यानें सांगितलें. एका मुलीनें दाराबाहेरच्या चपला काढल्या. आईची जोडी, आजीची जोडी, तिची स्वतःची, धाकट्या भावाची, आणि मध्यें एका जोडीपुरती मोकळी जागा. तिचे वडील कामासाठीं परप्रांतांत असतात. मोकळी जागा तिनें रंगविली नव्हती. भोंवतालची जमीन मात्र नीट रंगविली होती.

मग मीं त्यांना मुचलिंदाच्या शिल्पाचें छायाचित्र दाखविलें. ती मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “ह्यांनी पण जागा ठेवली आहे.” दोन हजार वर्षांपूर्वींच्या शिल्पकाराविषयीं ह्याहून नेमकें विधान मीं पुष्कळ पुस्तकांत वाचलेलें नाहीं. लगेच तिनें दुसरा प्रश्न केला : “हा दगड कुठे आहे ?”

प्रश्न तोच होता. शहरांत खरी वस्तु दोन दालनांपलीकडे होती, आणि वर्गानें मुलाला तिच्याकडे नेलें नाहीं. पवनीस मूल वस्तूकडे जावयास सिद्ध होतें, पायांखालीं तीच टेकडी होती, आणि वस्तु दूर होती. पहिल्या ठिकाणीं कल्पनेचा अभाव, दुसऱ्या ठिकाणीं साधनांचा. पहिल्याची कींव करावी. दुसऱ्याचें मात्र वाईट वाटतें.

उपाय अशक्य नाहीं. मूळ दगड परत मागण्याचा वाद मी येथें काढीत नाहीं. परंतु त्यांचे सांचे घेऊन हुबेहूब प्रति करतां येतात, आणि जगांतील मोठीं संग्रहालयें तसें करीत आलीं आहेत. अशा पांचदहा प्रति पवनीच्या एखाद्या शाळेच्या खोलींत ठेवल्या, तर त्यांना हात लावण्यास कोणाचीही हरकत असूं नये. नागाच्या फणेवरून बोट फिरवावें, ब्राह्मी अक्षराच्या खांचेंत नख घालून पाहावें, ओल्या मातीवर त्याचा ठसा घ्यावा. आणि मग वर्षांतून एकदां नागपुरास जाऊन मूळ दगडांपुढें उभें राहावें. त्या दिवशीं कांच आड आली तरी बिघडणार नाहीं. हाताला जें ठाऊक झालें तें डोळा कांचेतूनही ओळखतो.

दगडांइतकींच, किंबहुना अधिक, जिवंत सामग्री ह्या जिल्ह्यांत आहे. भंडारा हें नांवच भाण म्हणजे पितळेचें भांडें ह्यावरून आलें, अशी लोकांची समजूत. आणि पितळेच्या भांड्यांसाठीं हें शहर दूरवर ओळखलें जात असे. पोलादी भांड्यांनीं त्या धंद्याचा कणा मोडला, तरी ठोकलेल्या भांड्याच्या पोटावर हातोड्याच्या ठोक्यांची जी ओळ दिसते ती वाचावयास शिकविणारे हात अजून आहेत. मोहाडी, आंधळगांव ह्या बाजूस कोशाचें विणकाम चालतें. ऐन आणि अर्जुन ह्या झाडांवर ढीवर लोक किडे वाढवितात, त्यांच्या कोशांचा धागा निघतो, आणि कोष्टी तो मागावर चढवितात. करवतकांठी साडीचा कांठ करवतीच्या दात्यांसारखा असतो. तो दाता नंतर रंगवून किंवा भरून आणलेला नसतो. कांठाचा धागा आणि अंगाचा धागा तीन धोट्यांच्या खेळानें एकमेकांत गुंतवून तो विणतांनाच उठवावा लागतो. मोठ्यांनाही तोंडी सांगून हें समजत नाहीं. परंतु दोन रंगांच्या कागदी पट्ट्या घेऊन आठ वर्षांच्या मुलाला एक दाता गुंफावयास लावा. चुकेल, उसवील, पुन्हा गुंफील. आणि मग लग्नघरीं आजीच्या अंगावर तो कांठ दिसला कीं पदर हातीं धरून तें दाते मोजूं लागेल.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. हातकामाचा हा गौरव सुखवस्तु घरांतून निघतो. कोष्ट्याच्या मुलीनें मागापासून सुटावें म्हणून तिच्या आईनें तिला शाळेंत घातलें. तेथें तिला पुन्हा कागदाचा माग देऊन आपण काय साधणार? नयी तालीमवरही असाच आक्षेप घेतला गेला होता. मुलांच्या उत्पादनांतून शाळेचा खर्च निघावा ही जी अपेक्षा त्या योजनेंत होती, तिनें मुलाचा मजूर होईल, आणि ज्याचा जो धंदा तोच त्याच्या गळ्यांत पुन्हा बांधला जाईल, अशी भीति अनेकांस वाटली. ती अगदींच निराधार होती असें मला म्हणवत नाहीं.

ह्याला माझें उत्तर असें. संग्रहालयाच्या वर्गांत केलेली वस्तु विकावयाची नसते, कामास यावयाची नसते, सुबक असण्याचीही तिला गरज नसते. तिचें काम एकच, मुलाला नीट पाहाण्यास शिकविणें. आणि ह्या वर्गांत कोष्ट्याची मुलगी एकटी बसावयाची नाहीं. तिच्या शेजारीं वकिलाचा मुलगा बसावा, आणि दाता गुंफतांना त्याची बोटें अडलीं म्हणजे त्यानें तिच्याकडे पाहावें. शाळेंत वर्षभर जी मुलगी गणितांत मागें म्हणून ओळखली जाते, तिच्या घरच्या मागावर रोज किती गणित होतें हें त्या घटकेला दोघांनाही कळेल. माग तिच्या ललाटीं लिहिलेला नाहीं. पण मागाची लाज वाटण्याचेंही कारण नाहीं. ह्या दोन्ही गोष्टी एकदम सांगणें व्याख्यानास साधत नाहीं. एका मेजावर काम करतांना त्या कोणीं न सांगतां कळतात.

मात्र ह्यासाठीं एक अट पाळावी लागेल. अशा वर्गांत कारागिरास बोलावितात तें पुष्कळदां नमुना म्हणून : तो कोपऱ्यांत माग चालवितो, मंडळी छायाचित्रें काढतात, आणि जातांना त्याला शाल व नारळ देतात. शिकवितें दुसरेंच कोणी. हें उलटें आहे. ज्याला येतें त्यानें शिकवावें, आणि शिकविणाऱ्यास जें वेतन आपण शहरांतल्या तज्ज्ञास देतों तें त्यालाही द्यावें. शालीनें मान होतो. पण दुसऱ्या दिवशीं माग सोडून पुन्हा येणें परवडत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत मी नातीला घेऊन मोहाडीकडील एका विणकराच्या घरीं गेलों होतों. माग पाहतांच तिचा हात सवयीनें पुढें झाला आणि तितक्याच सवयीनें मागें आला. पाटीची शिकवण तिच्या अंगीं पूर्ण मुरली होती. घरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनीं तें पाहिलें. कोशाच्या धाग्याला तेलकट बोट लागलें तर डाग पडतो, हें त्यांना आमच्यापेक्षां चांगलें ठाऊक होतें. ते म्हणाले, “आधी हात धुऊन ये बापा.” तिनें आंगणांतल्या रांजणावर हात धुतले, फ्रॉकला पुसले, आणि परत येऊन मागाजवळ बसली. संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनीं मुलांसाठीं दुसरी पाटी करविली तर तिच्यावर काय लिहावें, हा प्रश्न माझ्यापुरता त्या आंगणांत सुटला.